कार्यकर्तीचं मन थकतं तेव्हा

(मासिक बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी अभ्यास-लेख)



बैठकीत आपण हजेरी घेतो, बचत मोजतो, कर्जाचे हप्ते लिहितो, थकबाकी कुणाकडे आहे ते विचारतो. या सगळ्याला वहीत रकाना आहे. पण ही वही लिहिणाऱ्या, गट सांभाळणाऱ्या ताईचं मन कसं आहे, याला रकाना नाही. ती आली, बसली, हसली, म्हणजे बरी असणार, असं आपण धरून चालतो. या वेळचा धडा या न लिहिलेल्या रकान्याबद्दल आहे.

हा लेख गटप्रमुख, सचिव, संघटिका, 'उमेद'च्या सीआरपी, कृषिसखी, पशुसखी, बँक सखी, आशाताई आणि संस्थेत काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. ज्या कार्यकर्ती नाहीत, नुसत्या सभासद आहेत, त्यांनीही तो ऐकावा. कारण पुढे दिसेल की या दुखण्याचं औषध बरंचसं सभासदांच्याच हातात आहे.

लेख एका बैठकीत संपला नाही तरी चालेल. एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. जिथे 'थांबा' लिहिलंय तिथे थांबून बोलावं.

१. आधी कामाचा हिशेब

समजा, वेल्ह्याच्या एखाद्या खोऱ्यात एक संघटिका आहे. तिच्याकडे बारा गट. त्यातले तीन वाड्यांवर, जिथे एसटी जात नाही. आषाढात ओढ्याला पाणी आलं की लांबच्या वाटेने जायचं. बायका दिवसभर भातलावणीला, त्यामुळे बैठक रात्री आठला. बैठक संपवून घरी येईपर्यंत दहा. घरी सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची शाळेची तयारी, सकाळचं पाणी. आणि तिची स्वतःची खाचरं? तीही लावायची असतातच.

दुसऱ्या दिवशी भोरला बँकेत. साहेब म्हणतात, एक सही राहिली, परत या. परत येणं म्हणजे एक दिवस आणि तिकिटाचे पैसे. संध्याकाळी फोन, अमुक ताईने तीन हप्ते भरले नाहीत. ती अमुक ताई म्हणजे हिची चुलत जाऊ. रात्री आणखी एक फोन, "ताई, यांनी पिऊन मारलं." ही ऐकते, धीर देते. कुणाला सांगायचं नाही म्हणून घरातही बोलत नाही. सकाळी उठून पुन्हा बैठकीला.

या ताईला कुणी विचारलं, "काय काम करतेस?" तर ती म्हणेल, "काही नाही, बचत गटाचं बघते."

*थांबा.* प्रत्येकीने वीस हरभरे घ्या. तीन वाट्या ठेवा, घर, शेत किंवा रोजगार, आणि गटाचं काम. आपल्या दिवसाचे तास जसे जातात तसे हरभरे टाका. मग बघा, झोपेला आणि स्वतःला किती उरले. कुणाच्या हातात एकही हरभरा उरला नसेल तर हा लेख तिच्यासाठी आहे.

२. थकणं वेगळं, खचणं वेगळं

दिवसभर लावणी केली की कंबर धरते. रात्री झोप लागली, सकाळी चहा झाला की माणूस पुन्हा उभं राहतं. हा झाला थकवा. त्याला विश्रांती हे औषध पुरतं.

पण एक थकवा असा असतो की दोन दिवस माहेरी राहून आलं तरी जात नाही. दिव्यात तेल असेल तोवर तेल जळतं आणि वात टिकते. तेल संपलं की वातच जळायला लागते. उजेड थोडा वेळ तसाच दिसतो, म्हणून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. हा शब्द मानसशास्त्रात कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. न्यूयॉर्क शहरात गरिबांसाठी एक मोफत दवाखाना चालायचा. तिथे बरेच जण स्वयंसेवक म्हणून काम करत. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञही दिवसभर आपला व्यवसाय करून संध्याकाळी तिथे जात. जीव ओतून काम करणारे लोक काही काळाने चिडचिडे, उदास, अलिप्त होतात, हे त्यांना तिथे दिसलं. 1974 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. म्हणजे बघा, खचण्याचा हा अभ्यास कारखान्यातल्या कामगारांपासून नाही, तर सेवाभावाने काम करणाऱ्यांपासून सुरू झाला. कामचुकार माणूस असा खचत नाही. ज्याने मनापासून काम केलं तोच खचतो.

2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची नोंद केली. हा आजार आहे असं ती संघटना म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी सततचा ताण राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही तर होणारी ही अवस्था आहे, असं ती म्हणते. तिच्या तीन खुणा सांगितल्यात. आपल्या भाषेत त्या अशा:

- अंगात त्राण उरत नाही. झोपून उठलं तरी शीण जात नाही. बैठकीचा दिवस आला की पोटात गोळा येतो.
- कामाचा आणि माणसांचा वीट येतो. "या बायका कधी सुधारायच्या नाहीत." "मरू दे, मला काय करायचंय." आधी जिच्यासाठी धावत गेलो तिचाच फोन बघून उचलावासा वाटत नाही.
- आपल्याकडून काही होत नाही असं वाटतं. दहा गट नीट चालले तरी एक मोडला तोच डोळ्यापुढे राहतो.

यातली दुसरी खूण नीट ओळखा. गटातली एखादी ताई हल्ली टाकून बोलते, तोडून बोलते. आपण म्हणतो, "पद मिळालं, डोक्यात हवा गेली." कधी तसंही असेल. पण बरेचदा ती ताई खचलेली असते आणि तिला ते सांगता येत नसतं.

*थांबा.* या तीनपैकी कोणती खूण गेल्या तीन महिन्यांत स्वतःत दिसली? बोलायचं नसेल तर नुसता हात वर करा. तेही नको असेल तर मनात उत्तर द्या.

३. असं का होतं?

तेल कुठून गळतं ते सापडलं तरच वात वाचवता येईल. आपल्या भागातल्या कामात गळतीच्या चार जागा नेहमी दिसतात.

*पहिली, कामाला कुंपण नाही.* शेताला बांध असतो. आपल्या कामाला नाही. बचत गोळा करणं हे काम, पासबुक भरणं हे काम, हे ठीक. पण सासू-सुनेचं भांडण मिटवणं, रेशनकार्डाचा अर्ज भरणं, कुणाला दवाखान्यात नेणं, ग्रामसभेला माणसं जमवणं हेही 'ताईचंच'. यातलं प्रत्येक काम चांगलंच आहे. पण सगळं एकीचं असेल तर ते कधीच पूर्ण होत नाही. आणि जे कधीच पूर्ण होत नाही त्याचं समाधानही मिळत नाही.

*दुसरी, ऐकलेलं दुःख.* गटाच्या निमित्ताने बायका मन मोकळं करतात. मारहाण, नवऱ्याचं व्यसन, मुलीचं लवकर ठरवलेलं लग्न, खासगी फायनान्सचे आठवड्याचे हप्ते. हे सगळं संघटिकेच्या कानात येऊन साठतं. गुप्तता पाळायची म्हणून ती कुणाजवळ बोलत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा भार रोज ऐकणाऱ्याच्या झोपेवर आणि मनावर येतो. रुग्णालयातल्या नर्सेस, आपत्तीत मदत करणारे लोक, समुपदेशक यांच्याबाबतीत हे दिसून आलेलं आहे. फरक एवढाच की त्यांना निदान कुणी प्रशिक्षण दिलेलं असतं.

*तिसरी, वसुलीचा चिमटा.* शहरातल्या बँकेचा वसुली अधिकारी आपल्या घरी जातो आणि विसरतो. आपली गटप्रमुख मात्र त्याच वाडीत राहते. थकबाकीदार तिची नणंद असते, भावकी असते, नळावर रोज भेटणारी शेजारीण असते. बँक म्हणते वसूल करा. घरचे म्हणतात, "कशाला वैर घेतेस?" मधे ही.

*चौथी, 'समाजसेवा' या शब्दाचा गैरवापर.* मानधन दोन महिने उशिरा आलं आणि विचारलं, तर ऐकायला मिळतं, "अहो, सेवा आहे ही." एसटीचं तिकीट, पेट्रोल, मोबाईलचं रिचार्ज स्वतःच्या खिशातून जातं. घरातले विचारतात, "फिरून मिळतं काय?" काम मनापासून करणं ही तिची देणगी आहे. पण त्या देणगीच्या आधारावर तिचा खर्च बुडवणं हा हिशेबातला घोटाळाच आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हणायला हवी. या चारपैकी एकही कारण 'तिचं मन कमकुवत आहे' हे नाही. चारही कारणं काम कसं लावून दिलंय त्यात आहेत. म्हणून "खंबीर हो", "सकारात्मक विचार कर" एवढं सांगून भागत नाही. गळकी घागर डोक्यावर नीट धरायला शिकवलं तरी पाणी गळायचं थांबत नाही.

४. जिवावर बेततं तेव्हा

कामामुळे कार्यकर्तीवर संकट आलं तर ते कुणाचं? तिचं एकटीचं की काम देणाऱ्यांचंही? हा प्रश्न आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकला.

राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावोगावी 'साथिन' नेमल्या होत्या. आपल्या सखीताईंसारख्याच. भटेरी गावच्या भंवरी देवी त्यातल्या एक. एका लहान मुलीचं लग्न थांबवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. तो त्यांच्या कामाचाच भाग होता. त्याचा राग धरून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयाने 1995 मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण काम करताना बाईला सुरक्षितता कोण देणार, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1997 साली 'विशाखा' निकाल आला. त्यातून पुढे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा झाला. हा कायदा संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत तक्रार समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

यातून आपण काय घ्यायचं? रात्रीची बैठक, एकटीने वाडीवर जाणं, दारुड्या माणसाच्या घरी वसुलीला जाणं, बालविवाहाची खबर देणं, यातला धोका 'तिचा वैयक्तिक प्रश्न' नाही. तो गटाने आणि संघाने आधीच विचारात घेतला पाहिजे. मनाला सगळ्यात जास्त पोखरते ती ही भावना, "काही झालं तर माझ्यामागे कुणी नाही."

५. प्रेरणा भाषणाने भरत नाही

कार्यकर्त्या मरगळल्या की आपण काय करतो? प्रेरणेचं शिबिर ठेवतो. पाहुणे येतात, टाळ्या होतात, दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी तोच ओढा, तीच एसटी, तीच थकबाकी.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाची आतली ओढ कशाने टिकते याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत तीन गरजा आहेत. आपण त्या अशा लक्षात ठेवू:

- माझं म्हणणं चालतं. कामाची वेळ, पद्धत, बैठकीची जागा ठरवताना मला विचारतात. नुसता वरून निरोप येत नाही.
- मला जमतं. हिशेब लिहायला, बोलायला, अर्ज करायला मी शिकले. अडलं तर शिकवणारं कुणी आहे.
- माझी माणसं आहेत. मी आले नाही तर कुणी तरी विचारतं, "ताई का नाही आली?"

गटात आल्यावर पहिल्या वर्षी आपल्याला एवढा हुरूप का येतो, ते आता कळेल. जिला घरात कुणी विचारत नव्हतं तिचं मत ठरावात लिहिलं गेलं. जिने कधी सही केली नव्हती तिने बँकेत सही केली. तिन्ही गरजा एकदम भागल्या. मग पाच-सात वर्षांनी तीच बाई संघटिका होते आणि तिन्ही आटतात. वरून लक्ष्य येतं, तिला विचारत नाहीत. नवं ॲप येतं, शिकवत नाहीत. बारा गटांत फिरते, पण तिचा स्वतःचा गट उरत नाही. प्रेरणा तिच्या मनातून पळाली नाही. ती जिथून येत होती ते झरे बुजले.

*थांबा.* या तीनपैकी तुमचा कोणता झरा आटलाय? तो मोकळा करायला काय करावं लागेल? एक साधी, करता येईल अशी गोष्ट सांगा.

६. नायगावचं पत्र

'सेवा म्हणजे झिजणं' हे आपल्या मनात खोल बसलंय. त्यासाठी आपण सावित्रीबाईंचं उदाहरण देतो. त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, त्या जादा लुगडं बरोबर घेऊन जात, 1897 साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. हे खरंच आहे आणि विसरू नये असंच आहे.

पण सावित्रीबाईंच्या आयुष्यातलं आणखी एक पान आपण क्वचित वाचतो. त्यांचं माहेर नायगाव, आपल्या शेजारच्याच खंडाळा तालुक्यात. शिरवळच्या पुढे. 1856 च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारी होत्या आणि माहेरी विश्रांतीला आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. भावाने आपली किती शुश्रूषा केली ते त्या लिहितात. पुरतं बरं वाटलं की पुण्याला येईन, काळजी करू नका, असं कळवतात. आणि फातिमाची आठवण काढतात. आपण नसल्यामुळे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. फातिमा म्हणजे फातिमा शेख, शाळांच्या कामातली त्यांची सोबतीण.

या एका पत्रात आपल्या धड्यातलं सगळं आहे. सावित्रीबाई आजारी पडल्या, तेव्हा त्या थांबल्या. अर्धवट बऱ्या होऊन धावल्या नाहीत. त्यांची काळजी घेणारा भाऊ होता. कुठे आहेत, कशा आहेत हे कळवायला नवरा होता. आणि काम सांभाळायला फातिमा होती. त्यांच्या गैरहजेरीने काम बंद पडलं नाही. फातिमावर भार पडतोय याची जाणीवही सावित्रीबाईंना होती. हे पत्र लिहिल्यानंतर सावित्रीबाईंनी आणखी चाळीस वर्षं काम केलं.

आपल्या संघात सावित्री पुष्कळ आहेत. प्रत्येकीच्या मागे फातिमा आहे का, हा प्रश्न आहे.

७. आता करायचं काय?

*स्वतः करायच्या गोष्टी*

- फोनची वेळ ठरवा आणि बैठकीत जाहीर करा. उदाहरणार्थ, रात्री नऊनंतर फक्त जिवाच्या संकटाला. तेव्हासाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे नंबर गटाच्या वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.
- 'नाही' म्हणायचं वाक्य तयार ठेवा. नुसतं 'नाही' जड जातं. असं म्हणा, "आज नाही व्हायचं ताई. उद्या दहाला येते आणि सोबत जोडीदारणीला आणते."
- ऐकणं आणि सोडवणं यात फरक करा. एखादीचं ऐकून तिला योग्य ठिकाणी, म्हणजे संरक्षण अधिकारी, पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचवलं की तुमचं काम झालं. तिचा संसार नीट करणं तुमच्या हातात नाही.
- महिन्यात एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी गटाचं नाव काढायचं नाही.

*गटाने करायच्या गोष्टी*

- प्रत्येक गटप्रमुखाला एक जोडीदारीण ठरवा. तिला वह्या लिहिता आल्या पाहिजेत, बँकेत तिची ओळख पाहिजे. गटप्रमुख आजारी पडली, बाळंत झाली, मुलीच्या लग्नात अडकली, तर जोडीदारणीने काम चालवायचं.
- वसुलीला एकटीने जायचं नाही. कुणाकडे, कधी, कोण दोघींनी जायचं, हे बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहायचं. हप्ता लांबवायचा की नाही हेही सगळ्यांनी ठरवायचं. मग गटप्रमुख म्हणू शकते, "हा माझा हट्ट नाही, गटाचा ठराव आहे." निम्मं वैर तिथेच संपतं.
- पदं ठरावीक काळाने बदला. "तिलाच जमतं" म्हणून दहा वर्षं एकीच्या गळ्यात टाकू नका.
- वर्षातून एकदा नव्हे, दर बैठकीत एका कामाबद्दल नाव घेऊन आभार माना. सत्काराची शाल लागत नाही.

*संघाने करायच्या गोष्टी*

इथे जामखेडकडून शिकण्यासारखं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येक जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. या बायका नियमाने जामखेडला एकत्र येत. गावात काय घडलं, काय जमलं, कुठे हार झाली, ते एकमेकींना सांगत. नवं शिकत आणि परत गावी जात. आरोग्याचे धडे होतेच, पण 'मला किंमत आहे' हा धडाही तिथे मिळत होता. आज एवढ्या वर्षांनीही त्या कामाचं नाव जगभर घेतलं जातं. नेमणूक करून, रजिस्टर हातात देऊन बाईला गावात एकटं सोडून दिलं नाही, याचा त्यात मोठा वाटा आहे.

आपल्याला हे परवडेल अशा रीतीने करता येईल:

- दोन महिन्यांतून एकदा संघटिकांची 'मनाची बैठक'. त्यात लक्ष्य, टक्के, ॲप काढायचं नाही. प्रत्येकीने एक जमलेली आणि एक जड गेलेली गोष्ट सांगायची. सभासदाचं नाव सांगायचं नाही, स्वतःवर पडलेला भार सांगायचा. ऐकणाऱ्यांनी लगेच सल्ला द्यायचा नाही.
- प्रवास, रिचार्ज आणि मानधन अंदाजपत्रकात आधी लिहायचं. उशीर होणार असेल तर कारण आणि तारीख कळवायची.
- पावसाळ्यात वाडीवरच्या बैठका लवकर किंवा दोघींनी मिळून घ्यायच्या. कोण कुठे गेलंय याची नोंद कुणाकडे तरी असायची.
- नवं काम देताना विचारायचं, "याच्या बदल्यात कोणतं काम कमी करू?"

८. डॉक्टरकडे केव्हा जायचं?

खचणं कामाच्या बदलाने बरं होऊ शकतं. पण कधी त्यामागे उदासीनतेचा आजार असतो. दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज पुढच्यातलं काही होत असेल तर वाट बघू नका. झोप लागत नाही किंवा सारखं झोपूनच राहावंसं वाटतं. भूक गेली. कशातच गोडी नाही. कारण नसताना रडू येतं. छाती धडधडते. आणि 'आपण नसलेलं बरं' असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

शरीराचीही तपासणी करा. रक्त कमी असणं, थायरॉईडचा बिघाड, पाळी जाण्याचा काळ यांनीही असाच शीण येतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि आपण "मन लागत नाही" म्हणत बसतो.

भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय इथून सुरुवात करा. पुढे गरज पडली तर पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. घरबसल्या बोलायचं असेल तर 'टेली-मानस'चा नंबर 14416. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मानसिक आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाचा उपकार नाही.

"बाहेरचं काही लागलंय" असं घरचे म्हणतील. देवीला नमस्कार करायला हरकत नाही, पण त्यासाठी डॉक्टर लांबणीवर टाकू नका. आणि मैत्रिणीने मन मोकळं केलं तर "तुला काय कमी आहे?" असं म्हणू नका. "कधीपासून असं होतंय?" असं विचारा, आणि सोबत दवाखान्यात जा.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गटात एकाच बाईवर कोणकोणती कामं पडतात? यादी करा. त्यातली कोणती दोन आजच दुसऱ्या कुणी घ्यायची?
2. गटप्रमुख उद्यापासून महिनाभर नसली तर गट चालेल का? कुठे अडेल?
3. गेल्या वर्षात कुणी काम सोडलं का? आपण तिला कारण विचारलं का?

या महिन्याचा ठराव (नमुना)

"आज दिनांक ____ रोजीच्या बैठकीत ठरलं की, गटप्रमुख सौ./श्रीमती ____ यांच्या जोडीदारीण म्हणून सौ./श्रीमती ____ काम बघतील. वसुलीसाठी कुणीही एकटी जाणार नाही. रात्री ____ नंतर फक्त तातडीचा फोन केला जाईल. पुढील बैठकीपासून हिशेबाच्या आधी पाच मिनिटं 'ताई, तू कशी आहेस?' हा विषय घेतला जाईल. ठराव सर्वानुमते मंजूर."

ठराव लिहिला की खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, आणि पुढच्या महिन्यात जोडीदारणीच्या हातून एक वही लिहून घ्या.